जॉन फिलिप सूझा : एका लष्करी बँडमास्टरची कारकीर्द – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूझा यांची ओळख बँडमास्टर म्हणून करून द्यावी की संगीतकार म्हणून?

जॉन फिलिप सूझा (१८५४–१९३२) हे अमेरिकेच्या मरीन कोअर या लढाऊ दलाच्या वाद्यवृंदाचे बारा वर्षे प्रमुख होते आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे स्वतःच्या नावाच्या खासगी बँडचे संचालक होते. सुमारे १३६ मार्च, म्हणजे संचलनाच्या पावलाला ताल देणाऱ्या वाद्यरचना, त्यांनी रचले आणि त्यांच्या हयातीतच ‘मार्च किंग’ हे बिरुद त्यांना चिकटले. व्हिएन्नाच्या योहान स्ट्राउस यांना जर ‘वॉल्ट्झचा राजा’ म्हणता येते तर सूझा यांना मार्चचा राजा का म्हणू नये, असे एका ब्रिटिश नियतकालिकाने लिहिले होते. मात्र या बिरुदामागे त्यांचा मूळ पेशा झाकला गेला, असे मला वाटते. त्यांच्या रचना ज्या गुणांसाठी वाजवल्या जातात ते सगळे गुण बँडमास्टरच्या रोजच्या कामातून आलेले आहेत. तालमीला वेळ अपुरा, वादक थकलेले, कार्यक्रम उघड्या मैदानावर आणि श्रोते उभे, अशा परिस्थितीत पहिल्या चार मात्रांत लक्ष वेधून घेणारे संगीत लिहिण्याची सवय ज्याला लागते, त्याची लेखणी वेगळीच चालते.

त्यांचे घराणे संगीतकारांचे होते का?

त्यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८५४ रोजी वॉशिंग्टन शहरात, मरीन बराकींपासून हाकेच्या अंतरावर झाला. वडील पोर्तुगीज वंशाचे, स्पेनमध्ये जन्मलेले आणि मरीन बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणारे होते. आई बव्हेरियातून आलेली जर्मन होती. दहा भावंडांत सूझा तिसरे. यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा ते सहा वर्षांचे होते आणि राजधानीत त्या चार वर्षांत पलटणींची ये-जा व त्यांच्यासोबतचे बँड हा नित्याचा देखावा होता. मुलाच्या कानावर बिगूल आणि ड्रम किती लवकर पडले असतील, याची यावरून कल्पना यावी.

ते लहानपणी सर्कशीत पळून जाणार होते, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, सूझा स्वतःच ती सांगत असत. तेरा वर्षांचे असताना त्यांचे व्हायोलिनवादन एका सर्कशीच्या बँडमास्टरने ऐकले आणि बँडमध्ये येण्याचे आमंत्रण दिले. मुलाने ही बातमी मित्राजवळ बोलून दाखवली, मित्राने ती आपल्या आईला सांगितली आणि तिच्याकडून ती सूझांच्या घरी पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी आरडाओरडा केला नाही. मुलाला चांगले कपडे घालायला सांगून ते त्याला थेट मरीन बराकींत घेऊन गेले आणि ९ जून १८६८ रोजी त्याची बँडमध्ये शिकाऊ मुलगा म्हणून भरती झाली. सर्कशीत जाण्यापेक्षा फौजेत जाणे बरे, हा वडिलांचा हिशेब त्यांनी पुरता साधला.

शिकाऊ म्हणून ते तेथे काय शिकले?

त्या काळी बँडमधील शिकाऊ मुलांना वाद्याबरोबरच लिहिण्या-वाचण्याचे शिक्षणही मिळे आणि शिस्त तर अंगात भिनतच असे. व्हायोलिन ते आधीपासून जॉन एस्पुटा यांच्याकडे शिकत होते. पुढे जॉर्ज फेलिक्स बेंकर्ट यांनी त्यांना स्वरमेळ आणि रचनाशास्त्राचे धडे दिले. १८७५ मध्ये फौजेतून मुक्त झाल्यावर सूझा नाट्यगृहांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवू लागले. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनासाठी फ्रेंच संगीतकार ऑफेनबाख अमेरिकेत आले असता त्यांच्या हाताखालीही सूझा यांनी वाजवले. ही पाच वर्षे चरित्रांत दोन ओळींत संपतात, पण मला ती महत्त्वाची वाटतात. कोणत्या जागी प्रेक्षक खुर्चीत चुळबुळू लागतात आणि कोणत्या जागी ते पुढे सरसावतात, हे नाट्यगृहात वाजवणाऱ्याला रोज दिसते. बराकीत ते दिसत नाही.

पंचविसाव्या वर्षी ते मरीन बँडचे प्रमुख कसे झाले?

ते एका नाटक कंपनीबरोबर संगीत संचालक म्हणून दौऱ्यावर असताना त्यांना वॉशिंग्टनहून तार आली. १ ऑक्टोबर १८८० रोजी त्यांनी सूत्रे स्वीकारली. ते या बँडचे सतरावे प्रमुख आणि अमेरिकेत जन्मलेले पहिले प्रमुख होते. नाटकातला हा तरुण नियमित फौजी बँड हाताळू शकेल का, अशी शंका काहींना असणे साहजिक होते, कारण बँडमधील कित्येक वादक वयाने त्यांच्याहून मोठे होते आणि त्यांतल्या काहींनी त्यांना शिकाऊ पोरगा म्हणून पाहिलेले होते. सूझा यांनी याच सुमारास दाढी वाढवली. काळीभोर दाढी वाढवल्याने अधिकार येतो असे नाही, पण वय थोडे जास्त दिसते हे खरे.

मरीन बँडचे काम नेमके काय असे?

हा बँड १७९८ मध्ये कायद्याने स्थापन झाला आणि अमेरिकेतील सतत कार्यरत असलेल्या व्यावसायिक संगीतसंस्थांत तो सर्वांत जुना मानला जातो. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी होणारे स्वागतसमारंभ, मेजवान्या, शपथविधी, अंत्ययात्रा आणि उन्हाळ्यात राजधानीतील सार्वजनिक हिरवळीवरचे विनामूल्य कार्यक्रम, असा त्याचा रतीब असे. म्हणजे एकाच आठवड्यात दिवाणखान्यात हलके, मैदानावर दणकेबाज आणि दफनभूमीत संथ वाजवावे लागे, आणि तिन्ही ठिकाणी वादक तेच असत.

सूझा यांनी तेथे काय बदलले?

सुरुवात त्यांनी कपाटापासून केली. बँडच्या संग्रहातील स्वरलिप्या जुनाट आणि ठराविक होत्या. त्यांनी त्या बाजूला सारून युरोपातून नव्या मागवल्या आणि वाग्नर, बेर्लिओझ, चायकोव्हस्की यांची पाने बँडच्या वाद्यांसाठी बसवली. दुसरा बदल तालमीचा होता. ती कडक झाली, आणि वेतन तुटपुंजे असल्यामुळे बाहेरच्या कार्यक्रमांवर गुजराण करणाऱ्या वादकांपैकी जे सैलपणे वागत होते त्यांना जावे लागले. त्यांच्या जागी तरुण वादक आले. तिसरा बदल मला सर्वांत बँडमास्टरी थाटाचा वाटतो. व्हायोलिनच्या तारांचा जो मऊ पट सिम्फनीत ऐकू येतो तो बँडमध्ये नसतो, म्हणून त्यांनी क्लॅरिनेटचा ताफा वाढवून तो पट तयार केला आणि पितळी वाद्यांना मागे खेचले. बँड म्हणजे गोंगाट, हा समज मोडण्याचे काम व्याख्यानांनी झाले नसते; ते वाद्यांच्या संख्येचे गणित बदलून झाले.

त्यांनी किती राष्ट्राध्यक्षांच्या काळात काम केले?

पाच : हेज, गारफील्ड, आर्थर, क्लीव्हलँड आणि बेंजामिन हॅरिसन. १८८१ मध्ये गारफील्ड यांचा खुनी हल्ल्यानंतर मृत्यू झाला तेव्हा सूझा यांनी शोकसंगीत रचले. २ जून १८८६ रोजी क्लीव्हलँड यांचा विवाह व्हाइट हाउसमध्येच झाला आणि त्या समारंभाचे संगीतही त्यांच्याच हाती होते.

‘द वॉशिंग्टन पोस्ट’ हा मार्च त्यांनी फक्त ३५ डॉलरना विकला होता का?

होय. त्याच नावाच्या वृत्तपत्राने शाळकरी मुलांसाठी निबंधस्पर्धा घेतली होती आणि तिच्या बक्षीस समारंभासाठी सूझा यांनी हा मार्च लिहिला. १५ जून १८८९ रोजी स्मिथसोनियन या वॉशिंग्टनमधील संग्रहालयसंस्थेच्या प्रांगणात तो प्रथम वाजला. त्याचा झोका सहा-आठ मात्रांचा आहे, आणि तेव्हा नुकत्याच रुळू लागलेल्या ‘टू-स्टेप’ नावाच्या नृत्याला तो इतका चपखल बसला की युरोपात काही ठिकाणी त्या नृत्यालाच ‘वॉशिंग्टन पोस्ट’ म्हणू लागले. प्रकाशकाने त्यावर अमाप पैसा कमावला आणि रचनाकाराला मिळाले ते ३५ डॉलर. आदल्या वर्षी लिहिलेला, मरीन कोअरच्या ब्रीदवाक्यावरून नाव घेतलेला ‘सेम्पर फिडेलिस’ हाही असाच गेला. पुढे रचनाकाराच्या हक्कांसाठी सूझा इतक्या त्वेषाने का भांडले, याचे उत्तर या दोन व्यवहारांत शोधायला हरकत नाही.

मार्च ऐकायला सगळे सारखेच वाटतात. त्यांची बांधणी कशी असते?

अस्ताई-अंतऱ्याची सवय असलेल्या कानाला मार्चची बांधणी थोडी अनोळखी वाटते, कारण येथे मुखड्यावर परतणे सक्तीचे नसते. सुरुवातीला सहसा चार मापांची (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) ललकारी येते. तिच्यामागून सोळा मापांचा पहिला खंड येतो आणि तो दोनदा वाजतो. मग दुसरा खंड, तोही दोनदा. यानंतर ‘ट्रिओ’ येतो. तेथे मूळ स्वर सा वरून म वर सरकावा तसा वर सरकतो, आवाज खाली येतो आणि एक लांब, गाता येण्याजोगी चाल सुरू होते. ती संपताच मध्येच एक भांडखोर तुकडा घुसतो, ज्यात खालच्या आणि वरच्या सप्तकांतली वाद्ये एकमेकांना तुकड्या-तुकड्यांनी उत्तरे देतात. अमेरिकन वादक त्याला गमतीने कुत्र्यांची झुंज म्हणतात. ती झुंज मिटली की ट्रिओची चाल पूर्ण ताकदीने परतते.

जुन्या पद्धतीत हे सगळे झाल्यावर पुन्हा आरंभाकडे जाऊन तेथे शेवट करीत. सूझा यांनी आपल्या बहुतेक मार्चांतून हे परतणे काढून टाकले. कारण उघड आहे : सर्वांत मोठा क्षण ट्रिओच्या शेवटी येत असेल तर त्यानंतर मागे फिरून श्रोत्याला थंड का करायचे? ही युक्ती एखाद्या सिद्धांतातून आलेली नसून समोरच्या गर्दीकडे पाहत काठी हलवणाऱ्या माणसाला सुचलेली आहे.

छापील प्रतीत जे नसे ते तालमीत तोंडी सांगितले जाई, हेही लक्षात ठेवावे. ट्रिओच्या पहिल्या फेरीत कॉर्नेट आणि झांज गप्प बसवायची, क्लॅरिनेट एक सप्तक खाली आणायचे, आणि शेवटच्या फेरीत छापील पानावर नसलेला ढोलाचा एक ठोका अचूक जागी मारायचा, असे बारकावे त्यांच्या वादकांनी आपापल्या प्रतींवर पेन्सिलीने लिहून ठेवले होते. केवळ छापील पाने आणून वाजवणाऱ्या बँडला तोच मार्च सपाट का ऐकू येतो, याचे कारण येथे आहे.

‘द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर’ कसा रचला गेला?

१८९६ च्या अखेरीस सूझा पत्नीसह युरोपात सुटीवर होते. तेथे त्यांना आपले व्यवस्थापक डेव्हिड ब्लेकली यांच्या आकस्मिक मृत्यूची बातमी समजली आणि ते ‘ट्यूटॉनिक’ या जहाजाने घाईने परत निघाले. पुढच्या दौऱ्याचे काय, करारांचे काय, या विवंचनेत डेकवर येरझाऱ्या घालताना डोक्यात एक बँड सतत वाजू लागला आणि किनाऱ्याला लागेपर्यंत तो थांबला नाही, असे त्यांनी पुढे सांगितले. घरी पोहोचल्यावर त्यांनी ते सगळे कागदावर उतरवले आणि त्यात पुढे फारसा बदल केला नाही. १४ मे १८९७ रोजी फिलाडेल्फियात तो मार्च वाजला आणि श्रोते अक्षरशः उठून उभे राहिले.

याची शेवटची दोन मिनिटे कान देऊन ऐकावीत. ट्रिओची चाल प्रथम संथ, मंद आवाजात येते. झुंजीनंतर तीच चाल परत येते तेव्हा तिच्या डोक्यावर पिकोलो या इवल्याशा बासरीची बारीक, चिवचिवणारी नक्षी सुरू होते. पिकोलो हे बँडमधले सर्वांत छोटे वाद्य, एरवी गर्दीत हरवणारे, पण येथे साठ माणसे त्याच्यासाठी आवाज खाली घेतात. पुन्हा झुंज होते आणि तिसऱ्या वेळी पिकोलो चालूच असताना खालून ट्रॉम्बोन एक तिसरीच रुंद चाल घेऊन येतात. तीन सुरावटी एकाच वेळी चालू असतात आणि एकही दुसरीच्या पायात येत नाही. सूझा या तिन्हींना अमेरिकेचे उत्तर, दक्षिण आणि पश्चिम हे तीन भाग मानत. कार्यक्रमात या जागी पिकोलोवादक आणि पितळी वाद्यांचे वादक रंगमंचाच्या कडेला येऊन एका ओळीत उभे राहत, म्हणजे कानाला जे कळायचे ते डोळ्यांनाही दिसे. १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, कायदा करून हा देशाचा राष्ट्रीय मार्च ठरवला.

याच मार्चला सर्कशीत वेगळा अर्थ होता. आग लागली किंवा जनावर सुटले तर बँडने हा वाजवायचा, म्हणजे प्रेक्षकांत घबराट न पसरता कामगारांना धोक्याचा इशारा मिळे. त्यामुळे एरवी सर्कशीचे बँड त्याला हात लावत नसत.

त्यांनी फौज का सोडली?

१८९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्या परवानगीने मरीन बँड पहिल्यांदाच देशाच्या दौऱ्यावर गेला आणि त्याला तुफान प्रतिसाद मिळाला. दौऱ्याचे व्यवस्थापन ब्लेकली यांच्याकडे होते. त्यांनी सूझा यांना खासगी बँड काढण्यासाठी फौजेतील पगाराच्या कितीतरी पट वेतन आणि नफ्यात वाटा देऊ केला. ३० जुलै १८९२ रोजी सूझा यांनी मरीन कोअरचा निरोप घेतला. काहींना यात निष्ठेचा प्रश्न दिसतो; मला दिसत नाही. बारा वर्षांत त्यांनी संस्थेला जे दिले ते संस्थेकडेच राहिले, आणि तीन मुलांच्या बापाने वेतनाचा विचार केला तर त्यात वावगे काही नाही.

सूझा बँड हा लष्करी बँड होता का?

नव्हता, तो पूर्णपणे व्यावसायिक बँड होता, जरी वादकांचा गणवेश फौजी वळणाचा असे. पहिला कार्यक्रम २६ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू जर्सीतील प्लेनफील्ड येथे झाला. त्या काळचे सर्वांत प्रसिद्ध बँडमास्टर पॅट्रिक गिलमोर यांचे दोनच दिवसांपूर्वी निधन झाले होते, म्हणून सूझा यांनी कार्यक्रमाचा आरंभ गिलमोर यांच्याच एका रचनेने केला. १९३१ पर्यंत या बँडने १५,६२३ कार्यक्रम केले. १९०० ते १९०५ या काळात चार वेळा युरोप आणि १९१०–११ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा, इतका त्यांचा पल्ला होता. गंमत अशी की मार्चसाठी प्रसिद्ध असलेला हा बँड चालत जवळजवळ कधीच वाजवत नसे; मोजके अपवाद सोडले तर तो बसूनच वाजवी.

कार्यक्रमाची त्यांची रीत ठरलेली होती. छापील पत्रिकेत नऊ-दहा रचना असत, त्यांत एखादे गंभीर ओव्हर्चर (संगीतनाटकाच्या आरंभी वाजणारी रचना), एक कॉर्नेटचे एकल, एक गायिका, एक व्हायोलिन. टाळ्या सुरू होताच, त्या ओसरण्याची वाट न पाहता, सूझा लगेच पुढच्या मार्चची खूण करीत आणि एक वादक त्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेली पाटी श्रोत्यांसमोर धरी. मार्च पत्रिकेत फारसे नसतच. ते बक्षिसासारखे मिळत. प्रत्येक कार्यक्रमाला हातमोज्यांचा नवा पांढरा जोड, आणि हातवारे इतके मोजके की दुरून पाहणाऱ्याला ते बँडला नुसते सोबत करीत आहेत असे वाटावे.

सूझाफोन हे वाद्य त्यांनी शोधले का?

कल्पना त्यांची, बांधणी दुसऱ्यांची. मरीन बँडमध्ये वापरात असलेले, अंगाभोवती गुंडाळलेले मंद्र वाद्य आपला आवाज थेट समोर फेकत असे आणि तो टोचे. आवाज वर जाऊन सगळ्या बँडवर पसरावा अशी सूझा यांची मागणी होती. तिच्यानुसार १८९३ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या जे. डब्ल्यू. पेपर यांनी असे वाद्य बनवले, ज्याचे तोंड आकाशाकडे होते. लोकांनी त्याला ‘पाऊस धरणारे’ असे नाव पाडले. आज जे समोर तोंड असलेले सूझाफोन संचलनात दिसतात, ते सूझा यांना हव्या असलेल्या रूपाच्या नेमके उलट आहेत.

त्यांचा ध्वनिमुद्रणाला विरोध होता, पण त्यांच्या ध्वनिमुद्रिका तर मिळतात. हे कसे?

मरीन बँडच्या मेणाच्या नळकांड्या १८९० पासूनच बाजारात होत्या आणि पुढे सूझा बँडच्या तबकड्याही भरपूर निघाल्या. परंतु त्यांतील बहुसंख्य मुद्रणांचे संचालन त्यांचे सहकारी करीत. ट्रॉम्बोनवादक आर्थर प्रायर हे त्यांपैकी प्रमुख होते. सूझा स्वतः कर्ण्यासमोर क्वचितच उभे राहिले. १९०६ मध्ये त्यांनी यांत्रिक संगीताच्या धोक्याविषयी लेख लिहिला आणि काँग्रेसच्या समितीसमोर साक्ष दिली. आपल्या लहानपणी उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरोघरी दारासमोर तरुण मंडळी गात बसत, आता यंत्रे रात्रंदिवस वाजतात आणि अशाने माणसाला कंठच उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या भाकितावर हसणे सोपे आहे. पण त्यांची दुसरी तक्रार नेमकी होती : यंत्रातून वाजणाऱ्या संगीताचे पैसे कंपनीला मिळत आणि रचनाकाराला छदामही नाही. १९०९ च्या कायद्याने प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट रचनाकाराला देणे बंधनकारक झाले.

पहिल्या महायुद्धात त्यांनी पुन्हा गणवेश चढवला का?

हो, बासष्टाव्या वर्षी. १९१७ मध्ये ते नौदलाच्या राखीव दलात लेफ्टनंट म्हणून रुजू झाले आणि शिकागोजवळील ग्रेट लेक्स तळावर तरुण खलाशांचे बँड घडवू लागले. तेथे उभ्या केलेल्या मोठ्या वाद्यवृंदाने युद्धकर्जासाठी आणि रेडक्रॉससाठी गावोगावी संचलने केली. नाममात्र एक डॉलर ठेवून बाकीचे वेतन त्यांनी नौसैनिकांच्या मदतनिधीला दिले. त्याच वर्षी त्यांनी आपली प्रसिद्ध दाढीही काढून टाकली आणि पुढच्या कार्यक्रमांत लोकांना त्यांना ओळखायला क्षणभर लागू लागले.

‘सूझा’ (Sousa) हे नाव ‘एस. ओ., यू. एस. ए.’ या अक्षरांवरून पडले, हे खरे का?

नाही. ही प्रसिद्धीसाठी पसरलेली दंतकथा आहे. आडनाव वडिलांचे, पोर्तुगीज आणि अस्सल आहे.

संगीताखेरीज त्यांनी काय केले?

पंधरा ऑपेरेटा (हलकीफुलकी संगीतनाटके) लिहिल्या, त्यांपैकी ‘एल कॅपिटन’ (१८९६) चांगलीच गाजली. कादंबऱ्या आणि आत्मचरित्रही लिहिले. उडत्या लक्ष्यावरच्या नेमबाजीत ते राष्ट्रीय पातळीवर ओळखले जात. घोडेस्वारीही आवडती होती, पण १९२१ मध्ये घोड्यावरून पडून झालेल्या दुखापतीनंतर डावा हात पुरता वर जाईना आणि संचालनाचे हातवारे आणखीच आखडले.

त्यांचा शेवट कसा झाला?

मार्च १९३२ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातील रेडिंग या गावी तेथील रिंगगोल्ड बँडचे पाहुणे संचालक म्हणून गेले होते. तालमीत त्यांनी सर्वांत शेवटी ‘द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर’ घेतला, मेजवानीला हजेरी लावली आणि हॉटेलच्या खोलीत ६ मार्चच्या पहाटे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय सत्त्याहत्तर. दफन वॉशिंग्टनच्या काँग्रेशनल दफनभूमीत झाले. बालपणीच्या घरापासून आणि मरीन बराकींपासून ती फार दूर नाही. थडग्यावर त्यांच्या त्याच मार्चच्या स्वरलिपीची एक ओळ कोरलेली आहे, आणि दर वर्षी ६ नोव्हेंबरला मरीन बँडचे वादक तेथे जाऊन ती वाजवतात.